ठसका आणि खप

पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मिरचीचं पोतं उघडलं की आधी ठसका, मग भाव. मेटल संगीताचंही तसंच. १९९१ साली मेटालिका या बँडने लय संथ केली, आठ-नऊ मिनिटांची गाणी आटोपशीर केली. काळ्याकुट्ट वेष्टनावर कोपऱ्यात जेमतेम दिसणारा साप असलेला तो अल्बम एकट्या अमेरिकेत दीड कोटीच्या वर खपला. जुने चाहते कुरकुरले, तिखटपणा गेला म्हणून. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडने मात्र ठसका सोडला नाही. २०१० च्या ‘द रिटर्न टू डार्कनेस’ अल्बमने त्यांना युरोपची दारं उघडली, २०१७ मध्ये तर त्यांनी मत्स्यापासून कल्कीपर्यंत दशावतारच गिटारवर बसवले. खप मेटालिकाएवढा कुठला! पण सगळ्यांना सोसते ती मिरची गाडीभर जाते. डोळ्यांत पाणी आणते, तिला गिऱ्हाईक शोधत येतं.