गरम द्राक्षांना कंटेनर थंड करत नाही

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक जिल्ह्याच्या निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यातल्या पॅकहाउसबाहेर रीफर कंटेनरांची रांग लागते. पेट्या भरल्या जातात, दार लागते, सील ठोकले जाते, आणि बागाईतदार सुटकेचा श्वास टाकतो. माल आता थंडीत गेला, पुढची काळजी मशीनला! ही समजूत इतकी पक्की आहे की ती मोडण्यासाठी हा लेख खर्च करावासा वाटतो. रीफर कंटेनर गरम माल थंड करण्यासाठी बनवलेला नसतो. आधीच थंड केलेला माल तसाच थंड ठेवणे, एवढेच त्याचे काम आहे.

चाळीस फुटी कंटेनरात साधारण तेरा टन द्राक्षे बसतात. एका टोकाला असलेले मशीन थंड हवा खालून सोडते. तळाला इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या पट्ट्या असतात. त्यांच्यामधून हवा दारापर्यंत जाते, पेट्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताजवळून मशीनकडे परतते. येताना तिने द्राक्षांची थोडीफार उष्णता, भिंतींतून झिरपणारी उष्णता आणि फळ श्वास घेते त्याची उष्णता उचलून न्यायची असते. तेवढ्यासाठी तिची ताकद पुरते. तेरा टन माल पंधरा-वीस अंशांवर आत ढकलला, तर तीच हवा कित्येक दिवस झगडत राहते. बाहेरच्या पडद्यावर शून्य अंश दिसत असतो, पण तो हवेचा आकडा असतो. मधल्या थरातल्या मण्याच्या गराचे तापमान तो सांगत नाही.

हवेचा रस्ता हा या धंद्याचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे. 1882 मध्ये ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज गोठवलेले मटण घेऊन न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्सहून लंडनला निघाले. उष्ण कटिबंधात आले तेव्हा आतली थंडी सगळीकडे सारखी पोहोचेना. कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या नळीत सरपटत शिरले, करवतीने जादा भोके पाडली आणि थंडीने जवळजवळ गोठूनच गेले. त्यांना दोरीने ओढून बाहेर काढावे लागले. 98 दिवसांनी जहाज लंडनला पोहोचले तेव्हा जवळपास पाच हजार नगांपैकी फक्त एक टाकून द्यावा लागला. पण ते मटण गोठवलेले होते. गोठवलेली कोळंबी किंवा मांस उणे अठरा अंशांवर जाते, ताजे फळ मात्र जिवंत असते. प्रत्येक फळाची सोसायची हद्दही वेगळी. केळी तेरा-चौदा अंशांखाली गेली की साल काळवंडते, द्राक्षाला शून्याच्या आसपासची थंडी लागते. शिवाय द्राक्ष तोडल्यानंतर पिकत नाही, त्याची गोडी वाढत नाही. वेलीवरून उतरताना जे होते ते फक्त राखायचे असते.

म्हणून खरी लढाई समुद्रावर नाही, बागेत तोडणीनंतरच्या पहिल्या काही तासांत आहे. तोडणी पहाटे सुरू होऊन ऊन चढायच्या आत थांबली पाहिजे. क्रेट सावलीत राहिले पाहिजेत आणि चार-सहा तासांत माल पॅकहाउसमध्ये पोहोचला पाहिजे. तिथे कात्री घेऊन बसलेल्या बाया घडातला खराब मणी एकेक करून काढतात. यातल्या कितीतरी जणी सुरगाणा, पेठच्या पाड्यांवरून हंगामापुरत्या आलेल्या असतात. युरोपातल्या दुकानात जो घड देखणा म्हणून उचलला जातो, तो त्यांच्या बोटांनी देखणा केलेला असतो. त्यांच्या मजुरीचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे आणि तो मी लिहिणार आहे.

भरलेल्या पेट्या मग प्रीकूलिंगच्या खोलीत जातात. तिथे पंख्यांच्या जोरावर थंड हवा पेट्यांच्या आरपार ओढली जाते आणि सहा-आठ तासांत गराचे तापमान शून्य ते दोन अंशांपर्यंत उतरते. हंगाम ऐन भरात असताना नेमकी या खोलीवर गर्दी होते. बाहेर ट्रेलर उभा, जहाज गाठायची घाई, बंदराचे गेट बंद व्हायची वेळ ठरलेली. सहा तासांचे चार तास होतात. तेवढ्याने काय बिघडते, असे वाटते. पण अर्धवट थंड झालेल्या घडातून पाण्याची वाफ सुटत राहते, ती प्लास्टिकच्या आत थेंब होऊन मण्यांवर बसते. ओल मिळाली की करड्या बुरशीचे फावते, आणि ही बुरशी शून्य अंशालाही पूर्ण झोपत नाही. तिला आवरायला पेटीत ग्रेपगार्डचा कागद घातलेला असतो. तो ओलाव्यानेच गंधकाचा वायू सोडतो. ओल जास्त झाली की वायू पहिल्या काही दिवसांतच भसाभस निघून जातो. मण्यांवर पांढरे डाग पडतात आणि शेवटच्या आठवड्याला संरक्षण उरत नाही.

पूर्वी रॉटरडॅमला माल साधारण तीन आठवड्यांत उतरायचा, तेव्हा अशी कसर कधी कधी झाकली जाई. 2023 च्या डिसेंबरपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा धरला. त्याने प्रवासाला दहा ते पंधरा दिवस जास्त लागू लागले. 2024 चा द्राक्ष हंगाम या वळशातच गेला. भाडेवाढीवर तेव्हा पुष्कळ बोलले गेले. पॅकहाउसमध्ये वाचवलेले दोन तास या जादा दिवसांत किती महाग पडले, यावर फारसे कोणी बोलले नाही.

आणि ते कोणाला महाग पडले? आपल्याकडची बरीच निर्यात आजही माल तिकडे पोहोचल्यावर भाव ठरेल, अशा बोलीवर चालते. तिकडे पेट्या उघडल्या जातात, क्वालिटी रिपोर्ट येतो: काड्या तपकिरी, मणीगळ, कूज इतके टक्के. मग रीपॅकिंगचा खर्च वजा, भावात घट, आणि ही कपात वरून खाली सरकत बागाईतदाराच्या हिशेबात येऊन थांबते. त्याने तोडलेला माल चांगला होता की नाही, हे त्या रिपोर्टवरून कळत नाही. बिघाड बागेत झाला, प्रीकूलिंगमध्ये, कसारा घाटात कंटेनरला वीज देणारा जनसेट बंद पडल्याने, न्हावाशेवा बंदराच्या यार्डात विजेचा प्लग उशिरा लागल्याने, की जहाजावर? याचे उत्तर देणारी नोंद असते. कंटेनरचे मशीन स्वतः तापमान नोंदवत असते आणि पेट्यांमध्ये छोटा लॉगर ठेवता येतो. पण ती नोंद बागाईतदाराला दाखवली जात नाही. जहाज कंपनीचा दोष असेल, तर वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल ताब्यात मिळाल्यापासून तीन दिवसांत द्यावी लागते. शेतकऱ्याच्या कानावर बातमी येते तोवर ते दिवस उलटून गेलेले असतात.

हे बदलता येते, कारण आपण असेच एक काम आधी केले आहे. कृषी निर्यात पाहणाऱ्या ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदणी व्यवस्थेमुळे 2006-07 पासून युरोपला जाणारी पेटी थेट बागेपर्यंत मागे शोधता येते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून युरोपात आपला माल अडकला आणि शेतकरी, निर्यातदार दोघेही पोळले. त्यानंतर अवशेष तपासणी कडक झाली. आज रेसिड्यू रिपोर्टशिवाय निर्यातीची तोडणी होत नाही. औषधाच्या कणाचा हिशेब ठेवणारी व्यवस्था तापमानाचा हिशेब का ठेवू शकत नाही? पॅकहाउसला माल आला तेव्हाचे, प्रीकूलिंग संपले तेव्हाचे आणि कंटेनर भरतानाचे गराचे तापमान त्याच प्लॉट क्रमांकापुढे चढवावे, लॉगरची नोंद शेवटी तिथेच जोडावी आणि ती बागाईतदाराला आपल्या मोबाइलवर दिसावी. अपेडा आणि राज्याच्या कृषी विभागाने पुढच्या हंगामाआधी हे करावे, अशी माझी जाहीर मागणी आहे.

ती मान्य होईपर्यंत बागाईतदारांनी थांबू नये. या वर्षी व्यवहार ठरवताना दोन गोष्टी कागदावर घ्या: कंटेनर भरताना गराचे तापमान तुमच्यासमोर मोजले जाईल, आणि क्वालिटी क्लेम आला तर त्यासोबत लॉगरची पूर्ण नोंद मिळेल. ती नोंद मिळाल्याशिवाय कपातीच्या हिशेबावर सही करू नका.