नसांची सोनोग्राफी डॉक्टरला जमते की नाही, हे ठरवतं कोण?

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला आधी पोट आठवतं. गरोदर बाई, मुतखडा, अपेंडिक्स. पण याच तंत्रानं मनगटातली नस, मांडीचा स्नायू आणि श्वास घेताना हलणारा छातीखालचा पडदाही बघता येतो. याला न्यूरोमस्क्युलर अल्ट्रासाऊंड म्हणतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा नसांचे आजार हा विषय घराघरात पोहोचला. या आजारांच्या तपासणीत आता सोनोग्राफीही येतेय. प्रश्न इतकाच, की प्रोब हातात घेणाऱ्याला ती येते का, हे तपासायचं कसं?

ही तपासणी नेमकं काय दाखवते?

हाताला रात्री मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, अशी तक्रार अनेकांची असते. त्यामागे बऱ्याचदा कार्पल टनेल सिंड्रोम असतो, म्हणजे मनगटातल्या अरुंद जागेत नस दाबली जाते. दाबलेली नस सुजते आणि सोनोग्राफीत तिचा आडवा छेद मोजता येतो. निरोगी माणसात तो साधारण १० चौरस मिलिमीटरच्या आत असतो. नस किती वेगानं संदेश नेते, हे विजेचा हलका झटका देऊन करायच्या तपासणीत कळतं. सोनोग्राफी नस दिसते कशी, ते सांगते. ती दुखत नाही आणि तिच्यात एक्स-रेसारखी किरणंही नसतात.

मग चूक कुठे होते?

फरक अवघ्या दोन-तीन चौरस मिलिमीटरचा असतो. प्रोब जरा तिरका धरला की नसेचा गोल छेद लांबट होतो आणि आकडा वाढतो. कोन बदलला की शेजारचा स्नायुबंध काळा दिसतो आणि तोच नस वाटू शकतो. जोरात दाबलं की आकारच बदलतो. रक्ताच्या तपासणीत आकडा मशीन देतं, इथे तो डॉक्टरच्या हातातून येतो. हात कच्चा असेल तर गरज नसताना ऑपरेशन होऊ शकतं किंवा खरा आजार हातातून निसटतो.

केळशीच्या माणसाला याचं काय?

दापोली तालुक्यातलं केळशी हे समुद्राकाठचं गाव. इथल्या माणसाला नसांच्या तज्ज्ञाकडे जायचं तर आधी दापोली, मग खेड, आणि बऱ्याचदा तिथून पुढे मुंबई किंवा पुणे. एक दिवसाची मजुरी, गाडीभाडं आणि सोबतीला घरातलं एक माणूस, एवढा खर्च नुसत्या तपासणीचा. हीच तपासणी तालुक्याला नीट झाली तर ही फेरी वाचते. पण तिथे चुकीचा रिपोर्ट मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला पुन्हा तीच फेरी.

त्यात कुष्ठरोगाचा मुद्दा मोठा आहे. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं भारतानं २००५ मध्ये जाहीर केलं, पण नवे रुग्ण आजही सापडतात. जाड झालेली नस हे या आजाराचं एक मुख्य लक्षण. काही रुग्णांच्या अंगावर चट्टा नसतोच, आजार फक्त नसांत असतो. कोपराजवळची जाड नस सोनोग्राफीत वेळेवर ओळखली तर बोटं वाकडी होण्याआधी उपचार सुरू होऊ शकतात.

आपला कायदा काय सांगतो?

भारतात सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरची परीक्षा आहे, पण ती वेगळ्या कारणासाठी आली. गर्भलिंग निदान रोखण्यासाठी १९९४ चा कायदा झाला. त्याखाली २०१४ मध्ये एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे नियम आले. ३०० तासांचं प्रशिक्षण आणि शेवटी क्षमता चाचणी. फेब्रुवारी २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची अट रद्द केली, तर मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली.

पण हा अभ्यासक्रम पोट आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीचा आहे. नस आणि स्नायू त्यात नाहीत. म्हणजे ही चाचणी पास झालेल्या डॉक्टरला मनगटातली नस मोजता येते, असा अर्थ निघत नाही.

याच कायद्यामुळे पोर्टेबल मशीन हवं तिथे नेता येत नाही. नोंदणी झालेल्या जागेत दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच ते वापरता येतं. लेक वाचवण्यासाठी ही अट गरजेची आहे, कारण महाराष्ट्रात ०-६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. पण यामुळे गावात जाऊन नसा तपासणं अवघड होतं, हेही खरं.

क्षमता मोजायची कशी?

‘इतक्या केसेस केल्या’ हा जुना हिशोब. पण शंभर वेळा चुकीचा धरलेला प्रोब शंभराव्या वेळीही चुकीचाच असतो. म्हणून जगात आता प्रत्यक्ष काम बघून गुण देण्यावर भर आहे. २०१३ मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांच्या सहमतीनं ओसॉस नावाची पद्धत प्रसिद्ध झाली. त्यात सात गोष्टी बघतात: तपासणीची गरज होती का, मशीनची माहिती, चित्र स्पष्ट मिळवणं, क्रमानं तपासणं, अर्थ लावणं, नोंद ठेवणं आणि त्यावरून उपचाराचा निर्णय घेणं. यातली एकही गोष्ट फक्त लेखी पेपरात कळत नाही.

२०१९ मध्ये नसा आणि स्नायूंच्या सोनोग्राफीच्या प्रशिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही आल्या. त्याच वर्षी भारतात एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमतेवर आधारित झाला. २०२३ मध्ये रत्नागिरीत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. अशा कॉलेजांत ओसॉससारखी चाचणी ठेवली, तर तालुक्याच्या डॉक्टरला शिकायला आणि परीक्षा द्यायला मुंबई गाठावी लागणार नाही.

तोवर रुग्णानं काय करावं?

नसांची सोनोग्राफी सांगितली तर तीन प्रश्न जरूर विचारा. याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का? दोन्ही हातांची तुलना केली का? रिपोर्टमध्ये नसेचं माप आणि चित्र मिळेल का? आणि फक्त सोनोग्राफीवरून कोणी ऑपरेशन सुचवलं, तर नसेच्या वेगाची तपासणीही करायची का, हे विचारून घ्या. हे प्रश्न डॉक्टरवर संशय म्हणून नाहीत. परीक्षेची व्यवस्था उभी राहीपर्यंत रुग्णाच्या हातात एवढंच आहे.