वहीची पत

माल उत्तम, परंतु रोजकीर्द खोटी. अशा पेढीची पत राहील काय? हा प्रश्न आपणा व्यापाऱ्यांना नवा नाही. अणुशक्तीच्या क्षेत्रातही त्याचे उत्तर तेच आहे.

इंग्लंडातील सेलाफील्ड येथे जपानच्या ताकाहामा वीजकेंद्रासाठी युरेनियम-प्लुटोनियमचे मिश्र इंधन तयार होत असे. त्याच्या गोळ्यांचा व्यास यंत्राने मोजल्यानंतर त्यांपैकी काही गोळ्या कामगारांनी पुन्हा मोजून आकडे नोंदवावयाचे, असा दंडक होता. या कंटाळवाण्या कामाला फाटा देऊन काहींनी मागील नोंदींतील आकडेच पुढे उतरविले. १९९९ साली हे उघडकीस आले. इंधन सुरक्षित असल्याचा निर्वाळा ब्रिटिश अणुनिरीक्षकांनी दिला; तरीही ते जपानात वापरले गेले नाही. २००० साली कंपनीच्या प्रमुखाने पद सोडले आणि २००२ साली तो माल समुद्रमार्गे परत आणावा लागला.

माल चांगला होता, मग बिघडले काय? किरणोत्सारी गोळी गिऱ्हाइकाला हाती घेऊन पारखता येत नाही. त्याचा आधार केवळ नोंद. ती खोटी ठरली की खऱ्या मालालाही साक्षीदार उरत नाही. आपल्या शास्त्रकारांनी कूटलेखक्रियेस सत्याणुव्रताचा अतिचार म्हटले, ते यथार्थच होय.

मात्र दोष एकट्या कामगाराचा नव्हे. नोंदी ताडून न पाहणारा धनीही त्यात भागीदार असतो. ‘आज मोजणी झाली नाही’ असे ज्याला निर्भयपणे लिहिता येते, त्याचीच वही विश्वासार्ह. कोरा रकाना खोट्या आकड्याहून मोलाचा आहे. तो कोरा ठेवणाऱ्यास अभय देणे, हे धन्याचे पहिले कर्तव्य होय.