कुंपणाआडचे स्वावलंबन

शहर सोडावे, जमिनीचा तुकडा घेऊन आपले अन्न आपणच पिकवावे आणि मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे, हा विचार अमेरिकेत गेली पन्नास वर्षे मूळ धरून आहे. बाजाराला विटलेल्या माणसास त्याची भुरळ पडावी यात नवल नाही. आपल्या काही तरुण साथींनाही ती पडते. म्हणून त्याची छाननी अगत्याची ठरते.

या वाटेचा एक आद्य प्रवासी समाजवादीच होता. बालमजुरीविरुद्ध आवाज उठविणारे अर्थशास्त्रज्ञ स्कॉट निअरिंग यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९१५ मध्ये काढून टाकले. युद्धविरोधी पुस्तिकेबद्दल त्यांच्यावर खटला झाला. १९१९ मध्ये ते निर्दोष सुटले. १९३२ मध्ये हेलन यांच्यासह त्यांनी व्हरमाँटच्या डोंगरात शेत घेतले, स्वहस्ते दगडी घर बांधले, मेपल वृक्षाच्या रसाचा पाक विकून रोख गरजा भागविल्या. त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या जीवनावरील त्यांचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले, त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या सार्वजनिक शाळा घटनाबाह्य ठरविल्या. समाज बदलणारी लढाई शाळेच्या दारात चालू होती, शेताच्या बांधावर नव्हे.

त्या निकालातील एक दावा व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीचा. १९५१ मध्ये तेथील काळ्या विद्यार्थ्यांनी डांबरी कागदाच्या खोपटांत भरणाऱ्या वर्गांविरुद्ध संप केला होता. निकाल टाळता येईना तेव्हा गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी १९५९ मध्ये तेथील सर्व सार्वजनिक शाळांना कुलपे ठोकली. ज्याने त्याने आपल्या मुलांची सोय पाहावी! गोऱ्यांनी खासगी शाळा काढली. काळी मुले काही चर्चच्या तळघरात शिकली, काही नातलगांकडे परगावी गेली. कित्येकांची पाच वर्षे मातीत गेली. न्यायालयाच्या आदेशानंतर १९६४ मध्ये शाळा उघडल्या. सार्वजनिक शाळा नाहीशी झाली म्हणजे 'घरचे शिक्षण' कोणाच्या वाट्याला कसे येते, याचा याहून स्वच्छ दाखला शोधावा लागू नये.

शाळा निर्दोष आहे, असे नव्हे. वर्गातील भीतीने मुले कशी खुंटतात, हे जॉन होल्ट यांनी १९६४ मध्येच दाखविले. ते आपल्या शाळांनाही लागू पडते. पण सुधारणेची आशा सोडून १९७७ मध्ये त्यांनी शाळेविना शिक्षणाचे नियतकालिक काढले, तेथे त्यांची आपली वाट सुटते. घरी शिकवणार कोण? बहुधा आई, आणि तीही बिनपगारी. जी दिवसभर परक्याच्या घरी राबते तिने काय करावे?

२०२० च्या एप्रिलअखेरीस अमेरिकेतील शाळकरी मुले असलेल्या ५.४ टक्के कुटुंबांत घरशिक्षण चाले, ऑक्टोबरात ११.१ टक्के. काळ्या कुटुंबांत हेच प्रमाण ३.३ वरून १६.१ वर गेले. करोनाचा यात मोठा वाटा आहे. तरीही ज्या समाजाने शाळेसाठी संप केला त्यानेच ती इतक्या वेगाने सोडावी, हा शाळेवरील ठपका आहे, घरच्या वर्गाचे प्रशस्तिपत्र नव्हे.

महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. आपल्या तालुक्यातील किती वाड्यावस्त्यांवरची शाळा त्यात होती आणि तेथील मुली आता कोठे जातात, याची नोंद प्रत्येक शाखेने घरोघर फिरून करावी.