पहिल्या नंबरचं ओझं

मैत्रिणींनो, मुलाचा पहिला नंबर आला की आपण देवापुढे साखर ठेवतो, शेजारीपाजारी पेढे वाटतो आणि 'चला, काळजी मिटली' म्हणून मोकळ्या होतो. पण कधी कधी खरी काळजी तिथूनच सुरू होते. आज सांगते ती हकीकत ऑस्ट्रेलियातल्या एका मुलाची. टॉम बॉइड त्याचं नाव.

तिकडचा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा नव्हे बरं का! चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, एकेका बाजूला १८ खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळायचं, पायानं उडवायचा, उंच उडी मारून झेलायचा. मेलबर्न शहराला तर या खेळाचं भारी वेड. तिथे दर वर्षी सगळे संघ पाळीपाळीनं नवी मुलं निवडतात. आदल्या हंगामात जो संघ तळाला, त्याची निवड पहिली. कुठल्या गावी जायचं, हे मुलाच्या हाती नसतं.

२०१३ साली साऱ्या देशातून पहिला निवडला गेला टॉम. वय १८, उंची साडेसहा फूट! मेलबर्नचं घर सोडून तो दूर सिडनीच्या संघात गेला. पहिल्या वर्षी जेमतेम ९ सामने खेळला. उंच मुलांचं अंग भरायला, खेळ पक्का व्हायला वेळ लागतो. लोणचं तरी घातल्या दिवशी मुरतं का? पण २०१४ संपायच्या आतच मेलबर्नच्या वेस्टर्न बुलडॉग्ज संघानं त्याला आपल्याकडे घेतलं, तेही ७ वर्षांना सुमारे ७० लाख डॉलरच्या करारावर. बदल्यात त्यांचा कर्णधार सिडनीला गेला. झालं! तेव्हापासून या १९ वर्षांच्या पोराचा प्रत्येक खेळ लोक पैशात मोजू लागले. एक दिवस वाईट गेला की हिशेब तयार.

१ ऑक्टोबर २०१६. अंतिम सामना, मैदानात सुमारे १ लाख माणसं. टॉमनं ३ गोल केले. त्यातला एक तर इतक्या लांबून, की चेंडू टप्पे खात खात गोलात गेला. बुलडॉग्जना तब्बल ६२ वर्षांनी अजिंक्यपद मिळालं. आता तरी पोरगा सुखी झाला असेल, असंच तुम्हाआम्हाला वाटणार ना?

पण २०१७ साली, ऐन हंगामात, टॉम खेळ थांबवून बाजूला झाला. त्याला नैराश्याचा आजार होता. रात्र रात्र झोप लागत नसे, हे पुढे त्यानंच उघडपणे सांगितलं. त्यानं उपचार घेतले, पुन्हा मैदानात आला; पण मे २०१९ मध्ये, अवघ्या २३ व्या वर्षी, त्यानं खेळ कायमचा सोडला. करार २०२१ पर्यंत होता. उरलेल्या पैशांवर त्यानं पाणी सोडलं! पुढे तो मनाच्या आरोग्याविषयी लोकांशी बोलू लागला, २०२२ साली त्यानं त्यावर पुस्तकही लिहिलं.

कुणी म्हणेल, सोन्यासारखी संधी घालवली. मला नाही तसं वाटत. 'मला त्रास होतोय' हे त्यानं वेळेवर सांगितलं, यातच त्याचं शहाणपण.

आपली मुलं असं सांगतील का आपल्याला? की 'आईला वाईट वाटेल' म्हणून गप्प बसतील? पहिला आलेला मुलगा तर जास्तच गप्प बसतो, कारण त्याला खाली यायची भीती असते. म्हणून एवढंच करा. मूल परगावी शिकत असेल तर 'मार्क किती पडले?' च्या आधी 'झोप लागते ना रे?' असं विचारा. झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, आवडता खेळ नकोसा झाला, आणि असे आठवडे जाऊ लागले, तर 'मनावर घेऊ नकोस' म्हणून उडवून लावू नका. तापाला डॉक्टर दाखवतो, तसा मनालाही दाखवावा. त्यात लाज कसली?

पेढे जरूर वाटा. पण नंबर गेला तरी घरातली जागा जात नाही, हेही पोराला एकदा जवळ बसवून सांगा.