गळकं छत आणि उत्तम क्षमा



भाड्याच्या घराचं छत गळतंय, मालक ढुंकून बघत नाही, असं एखादीने आपल्या बायकांच्यात सांगितलं की तिला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं : "असाता वेदनीयाचा उदय आहे गं, समता ठेव." दुसरं : "मालक आपल्याच समाजातले ना? मग कागदपत्र कशाला करतेस? बरं दिसत नाही."

ही दोन्ही उत्तरं ऐकून ऐकून मला आता वीट आलाय. कर्मोदयाचा दाखला दुसऱ्याच्या घरात टपकणाऱ्या पाण्याला फार सहज दिला जातो. स्वतःच्या बंगल्यातली पाइप फुटली की प्लंबर त्याच संध्याकाळी हजर असतो. तिथे कोणी उदय संपायची वाट बघत बसत नाही.

आणि धर्माचंच बोलायचं तर नीट बोलू. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या आहे. तिच्यात प्रमाद हा शब्द आधी येतो आणि प्राणांचा घात नंतर. काठी उगारली म्हणजेच हिंसा, असं तिथे नाही. बेफिकिरी हे हिंसेचं मूळ आहे. स्लॅबची सळई उघडी पडलीय, खाली पाळणा आहे, मालकाला तीनदा सांगून झालंय आणि तो "दिवाळीनंतर बघू" म्हणतो. याला प्रमाद नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? हाच माणूस आदल्या महिन्यात पंचामृत अभिषेकाची मोठी बोली घेतो, त्याचं नाव फलकावर लागतं, आपण टाळ्या वाजवतो. दान करू नये असं मी म्हणत नाही. पण त्या भाड्यातला थोडा भाग आधी त्या छताचा आहे.

त्याच अध्यायात व्रतांचे अतिचार सांगितलेत. पाठशाळेत आपण ते घोकले, अर्थ मात्र घरात आणला नाही. अचौर्याच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान येतं, म्हणजे माप मारणं. तीन खोल्यांचं भाडं घ्यायचं आणि त्यातली एक खोली जून ते सप्टेंबर बादल्या मांडून ठेवायला द्यायची, हे माप मारणंच झालं. शिवाय त्याच यादीत विरुद्धराज्यातिक्रम आहे, राज्याचा कायदा डावलणं. कायदा काय म्हणतो ते पुढे सांगतेच. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अन्नपाननिरोध आहे. मूळ संदर्भ आश्रित माणसांचा आणि जनावरांचा; पण भाडेकरू निघून जावा म्हणून पाण्याचा व्हॉल्व बंद करणारे मालक आपल्या गावांत आहेत. त्यांनी हा शब्द एकदा परत वाचावा.

आता स्वयंपाकघरातली गोष्ट. भिंतीला ओल धरली की आठ दिवसांत काळी-हिरवी बुरशी येते. बुरशी, शेवाळ यांना आपल्याकडे अनंतकाय मानतात; सुईच्या टोकाएवढ्या जागेत अनंत जीव. चातुर्मासात आपण पालेभाजी सोडतो, कंदमूळ तर घरात येतच नाही, पीठ चाळून घेतो, पाणी गाळून जिवाणी जिथल्या तिथे सोडतो. आणि त्याच चातुर्मासात भाड्याच्या घरातली बाई दर आठवड्याला ब्लीचिंगचं फडकं घेऊन ती भिंत घासते. घासली नाही तर पोरं खोकतात, घासली तर जीव मरतात. कोणत्या बाजूने ती व्रत सांभाळणार? ही हिंसा तिच्या हातून होते, पण ती तिच्यावर लादलेली आहे. गच्चीला वेळेत वॉटरप्रूफिंग केलं असतं तर त्या भिंतीवर जीव उपजलेच नसते. झाकण तुटलेल्या टाकीचंही तेच. त्यात पारवा पडून मेलेला असेल तर खाली दुहेरी वस्त्राने पाणी गाळून काय उपयोग?

"मग क्षमा कुठे गेली?" असं विचारणाऱ्यांना सांगते. दशलक्षणातली उत्तम क्षमा म्हणजे मनात क्रोध न धरणं. तोंड शिवून बसणं नव्हे. आणि गृहस्थाला सोडायला सांगितलीय ती संकल्पी हिंसा. विरोधी हिंसेचीही त्याला पूर्ण बंदी नाही. पोस्टाने पाठवलेली साध्या मराठीतली एक नोटीस तर त्यात कुठेच बसत नाही. उलट जिन्यात उभं राहून आरडाओरडा करण्यापेक्षा त्यात कषाय कमी.

म्हणून कायदा समजून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम १४ म्हणतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं, चांगल्या दुरुस्तीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे ती मेहेरबानी नाही. मालक टाळाटाळ करत असेल तर त्याला किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. एकटीने द्या किंवा चार भाडेकरू मिळून द्या. मिळून दिलेली बरी, एकटीला धाक दाखवणं सोपं असतं. त्यानंतर वाजवी वेळेत काम झालं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. हिशेब आणि पावत्या नीट ठेवल्या तर त्या खर्चाचा निर्णायक पुरावा म्हणून मालकावर बंधनकारक ठरतात. म्हणून गवंड्याला, रंगाऱ्याला, सिमेंटच्या दुकानाला पावती मागा. "पावती कशाला ताई, ओळखीतलं काम आहे" असं म्हणतील, तरी मागा.

एक मोठी मेख मात्र आहे. एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. महिना ६,००० भाडं असेल तर वर्षाचे ७२,००० आणि वळते करता येणार १८,०००. त्यात काहीतरी होतं. पण पेठेतल्या जुन्या वाड्यात महिना २५० भाडं असेल तर वर्षाला साडेसातशे रुपये. साडेसातशेत आज गवंडी दिवसभर तरी येतो का? इथे कायदा आपल्या पदरात हक्क टाकतो आणि पदरालाच भोक ठेवतो. यावर कोणी बोलत नाही.

इथे मालकाची बाजूही मांडते, कारण अनेकांतवाद फक्त प्रवचनापुरता नसतो. अडीचशे रुपयांत घर सांभाळणं परवडत नाही, हे खरं आहे. कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते, तीही तुटपुंजीच. अशा वाड्यांत भाडेकरूंनी आपणहून पुढे यावं, खर्चात वाटा उचलावा, तसं लिहून घ्यावं. वर्षानुवर्षं अडीचशेत राहून बाहेर स्वतःचा फ्लॅट घेतलेले आणि वाड्याची खोली कुलूप लावून अडवलेले लोकही आपल्यात आहेत. त्यांनी अचौर्यावर गप्पा मारू नयेत. पण "परवडत नाही" म्हणणाऱ्या प्रत्येक मालकाचं खरं धरू नका. काहींना वाडा पडायलाच हवा असतो. कौल फुटले तर बदलायचे नाहीत, पन्हळ तुंबली तर काढायची नाही, वाशांना वाळवी लागू द्यायची. पाच पावसाळ्यांत काम होतं. हात न लावता माणसं बाहेर काढायची ही युक्ती आहे, आणि तिच्यात संकल्प आहे, म्हणून ती नुसत्या प्रमादाहून वाईट.

अशा वाड्याबाबत महानगरपालिकेत लेखी तक्रार देता येते. मुंबईबाहेरच्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकाम दुरुस्त करायला किंवा पाडायला लावता येतं. आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीची मजबुती तज्ज्ञाकडून तपासून दाखला देणं कलम २६५अ खाली बंधनकारक आहे. मुंबईत हेच कलम ३५३ब आहे. मात्र तक्रारीत "दुरुस्ती करून हवी आहे" हे स्पष्ट लिहा. नुसतं "धोकादायक आहे" लिहिलंत तर घर रिकामं करायची नोटीस हाती येईल आणि मालक पेढे वाटेल. तशी वेळ आलीच तर बाहेर पडण्यापूर्वी आपल्या खोल्यांची मापं, फोटो, वीजबिल, भाडेपावत्या जपून ठेवा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त जुन्या इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ वेगळं आहे. तिथल्या मैत्रिणींनी त्याच्या कार्यालयात अर्ज द्यावा.

पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय योग्य कारणाशिवाय तोडली तर कलम २९ आहे. न्यायालय ती परत चालू करायला लावतं.

आणि कृपा करून भाडं बंद करू नका. शेजारीपाजारी हाच सल्ला पहिल्यांदा देतात आणि त्यानेच घर जातं. भाडं भरायची तयारी आहे तोवर कायदा भाडेकरूच्या बाजूने उभा असतो. थकबाकी झाली की मालकाला दावा लावायला आयतं कारण मिळतं. पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. देत नसेल तर भाडं चेकने किंवा मनीऑर्डरने पाठवा. वळती केलेली रक्कम किती, कशाची, हे त्याच वेळी कळवा.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या मुलींना हे कलम १४ सरळ लागू होईल असं धरून चालता येत नाही. ते भाडेकरूसाठी आहे. तुमचं संरक्षण तुमच्या करारात आहे, म्हणून सही करण्याआधी वाचा. "सर्व दुरुस्ती राहणाऱ्याने करावी" असं छापील वाक्य असतं, ते खोडून घ्या. गळती, ड्रेनेज, वायरिंग मालकाकडे आणि बल्ब-नळाच्या चकत्या आपल्याकडे, ठराविक दिवसांत काम झालं नाही तर आपण करून भाड्यातून कापू, असं लिहून घ्या. करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो नोंदवलेला नसेल तर वादात अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, हे कलम ५५ मध्ये आहे.

वकिलाच्या फीची धास्ती असते, मला कळतं. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं. जाताना भाडेपावत्या, करार, नोटिशीची प्रत आणि पोचपावती, गळतीचे तारखेसह फोटो एवढं बरोबर घ्या. आणि नोटीस पाडव्यानंतर लगेच पाठवा. जूनमध्ये पाठवलीत तर मालक म्हणेल, "आता पावसात काम कसं करणार?", आणि त्या वेळी त्याचं म्हणणं खरंच असेल.