आतला आनंद आणि बाहेरचा गांजा

गेल्या महिन्यात एक शेतकरी आपल्या २२ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाने गांजा सोडून चार दिवस झाले होते. झोप नाही, जेवण नाही, सारखी चिडचिड. वडील म्हणाले, “डॉक्टरसाहेब, सोडल्यापासूनच बिघडला. थोडा थोडा घेऊ द्यावा का?” मी नाही म्हटले. का, ते सांगतो.

गांजासारखे काम करणारी द्रव्ये आपले शरीर स्वतःच तयार करते. त्यांपैकी पहिले १९९२ साली जेरुसलेम येथे प्रा. राफेल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत सापडले. संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून त्याचे नाव ‘आनंदामाइड’ ठेवले गेले. गरज पडली की ते पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांपासून जागच्या जागी बनते आणि मेंदूतील अति उत्तेजित पेशींना शांत करते. काम झाले की एक एन्झाइम लगेच त्याचे तुकडे करते. सारा खेळ काही मिनिटांचा. वेदना, भूक, झोप, भीती यांचा तोल राखण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

वाफा भरला की आपण पाणी पुढे वळवतो, तसेच हे आहे. गांजा ओढणे म्हणजे पाणी सोडून घरी झोपायला जाणे. गांजातील द्रव्य त्याच जागांवर जाऊन बसते. पण ते एन्झाइम त्याला तोडू शकत नाही. ते चरबीत मुरते आणि रोज ओढणाऱ्याच्या शरीरात कित्येक आठवडे राहते. मग मेंदू नाइलाजाने त्या जागाच कमी करतो. गांजा सुटला की घरचा आनंदामाइड अपुरा पडतो. त्या मुलाची तडफड यातून आली होती. साधारण चार आठवड्यांत त्या जागा बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. तेवढा धीर मात्र धरावा लागतो.

हा तोल औषधाने हलवणेही सोपे नाही. याच जागा बंद करून भूक मारणारे रिमोनाबंट हे वजन घटवण्याचे औषध निघाले होते. त्याने नैराश्य आणि आत्महत्येचे विचार येतात असे दिसल्यावर २००९ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली.

म्हणून ‘झाडपालाच तर आहे’ हे बोलणे सोडा. आणि पालकांनो, सोडू पाहणाऱ्या मुलाला गुन्हेगार नव्हे, रुग्ण समजा. भास होत असतील, विनाकारण संशय येत असेल, तर त्वरित डॉक्टर गाठा. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही जवळ असू द्या.